प्रभावनेचे बेदाणे

मेहरूण, जळगाव
१९ जानेवारी २०२५

चि. चेलना,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या वेलींनाही. त्या बिचाऱ्यांना आपण कशासाठी वाढतो आहोत याचा पत्ता नसतो.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोन तुझ्या आईच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या, ताब्यात असतो आणि तिला तो स्पीकरवर ठेवल्याशिवाय ऐकू येत नाही. तुझी खुशाली ती, तुझी मामी, दूधवाला आणि समोरच्या गच्चीवर साड्या वाळत घालणाऱ्या बाई अशा सगळ्यांना एकदमच कळते. आज जे लिहायचं आहे ते त्या साड्यांनीही ऐकू नये असं आहे.

अक्काचं वर्षीतप नीट चालू आहे. उपवासाच्या दिवशी उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. चेहऱ्यावर तेज आलंय असं सगळे म्हणतात. मला ती नुसतीच बारीक झालेली दिसते. पण मी पडलो संस्कृतचा मास्तर, मला तेज समासातच दिसतं.

आता मुद्दा. गेल्या रविवारी उपाश्रयातून बाहेर पडताना सुगनचंदजींनी गाठलं. तेच, भांड्यांच्या पेढीचे, आपल्या जैन संघाचे अध्यक्ष. चारचौघांत म्हणाले, "मास्तर, तुमची भाची शिरपूरकडे काय काम करते हो?"

माझ्याकडे शब्दांची टंचाई नव्हती. आसव म्हण, मैरेय म्हण, माध्वीक म्हण. जुन्या लोकांनी या एका पदार्थाला इतकी नावं देऊन ठेवली आहेत की तेही आपल्यासारखेच कुणापासून तरी काही लपवत असावेत. पण त्यातलं एकही तोंडून निघेना. मी म्हणालो, "बेदाण्यांवर संशोधन करते."

यातलं 'संशोधन' खरं आहे, हे तू मान्य करशील.

सुगनचंदजी म्हणाले, "वा, कोरडं आणि सात्त्विक काम." अक्का शेजारीच उभी होती. तिला आजवर 'द्राक्षांचं काम' एवढंच माहीत होतं. तिचा चेहरा असा खुलला की तू तिथे असतीस तर तूही बेदाणेच म्हणाली असतीस. घरी येईपर्यंत तिने वाटेत तिघींना सांगितलं.

तर आजपासून तू बेदाण्यांवर काम करतेस. ते फसफसण्याचं प्रकरण पत्रात आणू नकोस. मलाही त्याचे तपशील नकोत.

तुझा,
कांतीमामा

*

शिरपूर तालुका
२८ जानेवारी

मामा,

वाकून नमस्कार. बेदाणे वाचून आधी हसले. मग पत्राची घडी घातली आणि दिवसभर ते मनातून जाईना.

तपशील नकोत म्हणता, तरी थोडे सोसा. इकडच्या उन्हात द्राक्षात साखर भराभर चढते आणि आंबटपणा त्याहून भराभर उतरतो. नाशिककडचं वेळापत्रक इथे लावलं तर वाईन भोपळ्याच्या पाण्यासारखी होते. म्हणून वेगवेगळ्या जातींच्या ओळी लावून आम्ही बघतो, कोणती वेल हे ऊन सोसते, कधी तोडायची, रस किती थंड ठेवून आंबवायचा. हे जमलं तर सातपुड्याच्या या पट्ट्यात कापूस आणि केळीशिवाय आणखी एक पीक उभं राहील. यात बेदाणा कुठेही नाही.

घरात ज्याचा रस चलित झाला, चव बदलली, ते आई लगेच मोरीत ओतते. नेमका तोच बदल मी मुद्दाम घडवून आणते आणि थर्मामीटर लावून त्याच्यापाशी बसते. आई मला हे कधी विचारत नाही, आणि मीही सांगत नाही. तेव्हा सगळा दोष तुमच्यावर घालता येत नाही.

आमच्या संशोधन केंद्रालाही लाज वाटतेच, मामा. फाटकावर पाटी आहे, 'द्राक्ष मूल्यवर्धन प्रकल्प'. मागच्या आठवड्यात बँकेचे साहेब बाग पाहायला आले. आमच्या तोडणीच्या बायकांची मुकादम धनीबाई. साहेबांनी एक मणी तोडून तोंडात टाकला आणि बिया थुंकत विचारलं, "ही कसली द्राक्षं?" आमचे सर मूल्यवर्धन समजावून सांगू लागले. धनीबाई म्हणाली, "हाई बठ्ठी बाग दारूनी शे, भाऊ. खावानी नही." साहेबांना लगेच कळलं.

आखाजीच्या रजेचा अर्ज दिला. सरांनी कारण विचारलं. मी सांगितलं, माझ्या आईने वर्षभर एक दिवस उपवास आणि एक दिवस जेवण असं व्रत केलंय. अक्षय्यतृतीयेला उसाच्या रसाने पारणं आहे आणि घरच्या प्रत्येकाने तिला आपल्या हाताने रस द्यायचा असतो. ते म्हणाले, "मग जायलाच हवं."

तो रस देताना माझा हात दिवसभर कशात असतो हे आईला ठाऊक असावं, असं मला वाटतं. पारण्याआधी येऊन मी तिला सांगणार आहे.

चेलना

*

मेहरूण
१६ फेब्रुवारी

चि. चेलना,

तुझ्या धनीबाईला आमच्या शाळेत निबंध शिकवायला बोलवावं म्हणतो. आमच्या नववीच्या मुलांना 'मी पाहिलेली बाग' लिहायला सांगितलं की मुद्दा तिसऱ्या पानावर येतो.

पण तू म्हणतेस ते पारण्याआधी नको. अक्काचं अंग फार हलकं झालंय. जिना चढताना कठड्याला धरते आणि मी बघतोय असं दिसलं की कठडा पुसत असल्यासारखं करते. अशा वेळी तिला धक्का देणं मला नको वाटतं. पारणं होऊ दे, चार दिवस पोटात अन्न जाऊ दे. मग मी स्वतः तिच्यासमोर विषय काढीन. व्याजोक्ती, वक्रोक्ती, जे लागेल ते वापरीन.

आता दुसरी गोष्ट. ती लिहिताना माझं अक्षर बिघडलंय ते दिसतच असेल.

पारण्याच्या दिवशी येईल त्याच्या हाती जाताना प्रभावना म्हणून काहीतरी ठेवायचं, हे तुला सांगायला नको. कुणी वाटी देतं, कुणी साखरेचं पाकीट. त्यावर बैठक बसली. मी चांदीचा मुलामा दिलेल्या चमच्यापर्यंत येऊन पोचलो होतो. इतक्यात सुगनचंदजी म्हणाले, "चमचे कशाला? तपस्वी आईच्या पारण्याला मुलीच्या बागेतले बेदाणे. याहून शोभणारी प्रभावना कोणती?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. अक्का पदराने डोळे टिपत होती. उपवासाचा दिवस होता तिचा. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ वाक्यांचा अन्वय लावला आहे, पण 'नाही' या एका शब्दाचं वाक्य मला करता आलं नाही. मी म्हणालो, "कळवतो तिला."

तर कळवतो आहे. तुझ्या त्या ओळींमधले काही घड वाळवता येतील का? थोडेसेच. उरलेलं मी बघतो.

कांतीमामा

*

शिरपूर तालुका
२५ फेब्रुवारी

मामा,

तोडणी चालू आहे. ऊन चढायच्या आत घड कापून शीतखोलीत न्यावे लागतात. हाताला इतका चिकटा आहे की कागद बोटाला लागतोय.

वाळवता येणार नाहीत. आमचा मणी बारीक, साल जाड, आत दोन-तीन बिया. सुगनचंदजींच्या कवळीखाली एक सापडला तर संघाला नवा अध्यक्ष शोधावा लागेल. आणि हे घड प्रयोगाचे आहेत. प्रत्येक ओळीचं वजन, साखर, आंबटपणा मांडायचा असतो. त्यातले काही आईच्या प्रभावनेसाठी पळवले तर मी तिथेही खोटी आणि इथेही.

तशी मी इथेही खोटीच आहे. हे आजवर कुणाला लिहिलं नाही, तुम्हाला लिहिते. वाईन तयार झाली की चाखायला पाच जणांची समिती बसते. मी त्यात आहे. पेला उचलायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवून बादलीत थुंकायचा आणि कागदावर शेरा लिहायचा. मी वास घेते, पेला ओठांपर्यंत नेते आणि तसाच बादलीत ओतते. जिभेला एकदाही लागू दिलेली नाही. मग शेजारच्या कागदावर डोळा ठेवून त्यातलाच एखादा शब्द थोडा बदलून लिहिते. नववीतली तुमची मुलं करतात तेच. गेल्या वर्षी माझ्या शेऱ्यांवरून एक जात यादीतून कमी झाली. ती एका शेतकऱ्याच्या अर्ध्या बागेत लावलेली होती.

तर घरी मी बनवते म्हणून लपते आणि इथे पीत नाही म्हणून लपते.

तुमचं ऐकते. पारण्याआधी आईला सांगत नाही. पण बेदाणे नाहीत, मामा. संघाला सांगा की माल खराब झाला. तेवढं खोटं चालेल. फार मोठं नाही.

चेलना

*

मेहरूण
८ एप्रिल

चि. चेलना,

तुझ्या समितीचं वाचून मी हसलो नाही, एवढं नोंदवून ठेव. इतर वेळी हसलो असतो.

माल खराब झाल्याचं सांगायला मी खरोखर सुगनचंदजींच्या पेढीवर गेलो होतो. त्यांनी आधीच निमंत्रणपत्रिका छापून आणल्या होत्या. तळाशी ओळ होती, 'प्रभावना : सुकन्या चेलना हिच्या बागेतील बेदाणे.' मी पत्रिकेच्या छपाईचं कौतुक करून परत आलो.

मग धुळ्याला जाऊन बाजारातून बेदाणे आणले. लांब, हिरवे, बिनबियांचे, फार देखणे. जळगावातही मिळतात, पण म्हटलं निदान तुझा जिल्हा तरी खरा असू दे.

अक्काला सांगितलं की तू पाठवले. तिने मला नीट बसूही दिलं नाही, पोती सोडायला लावली. गेले आठ दिवस ती आणि तुझी मामी पाकिटं भरताहेत. प्रत्येकात चिठ्ठी आहे, 'चेलनाच्या द्राक्षबागेतून'. त्यावर लाल फीत. फीत मात्र अक्का कुणाला बांधू देत नाही. मामीची गाठ म्हणे सैल पडते. उपवासाच्या दिवशीही दुपारभर भिंतीला टेकून ती फिती बांधत बसते. जमिनीवर सांडलेले चार बेदाणे तिने वेचून, पुसून एका डबीत ठेवलेत. मी म्हटलं, आज तुझा जेवणाचा दिवस आहे, खा की. तर म्हणाली, "पारणं झाल्यावर. आधी चेलनाच्या हातचा रस, मग चेलनाचे बेदाणे."

तू ये. वेळेवर ये. आखाजीला गावाच्या सगळ्या लेकी माहेरी येतात, त्यात तू नसलीस तर मला आणखी काहीतरी रचावं लागेल, आणि माझा साठा संपत आलाय.

कांतीमामा

*

शिरपूर तालुका
१६ एप्रिल

मामा,

चिठ्ठ्या काढून टाका. बेदाणे वाटा, पण माझं नाव काढा. फिती पुन्हा बांधायला मी दोन दिवस आधी येते हवं तर.

नाव असेल तर मी येणार नाही, असं लिहिलं होतं. ते खोडलंय, दिसतच असेल. येणार आहे. पण काढा.

चेलना

*

मेहरूण
३ मे

चेलना,

तू पोचलीस का, हे विचारायला मामीने फोन केला तेव्हा तू 'पोचले' म्हणालीस आणि ठेवलास. म्हणून लिहितो.

चिठ्ठ्या मी काढल्या नाहीत. वेळ नव्हता असं लिहिणार होतो. वेळ होता.

मांडवात काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण तू निघून गेल्यावर काय झालं ते ऐक. अक्का पाटावर वाटी पुढे धरून बसली होती. आम्ही सगळ्यांनी रस दिला. तुझी पाळी आली, तू चांदीचा कलश उचललास, वाकलीस. अक्का तुझ्या कानाशी काहीतरी बोलली. तू कलश खाली ठेवलास आणि बायकांमधून वाट काढत बाहेर गेलीस. अक्काची वाटी तशीच पुढे राहिली. मग मामीने तिचा हात धरून खाली घेतला.

नंतर बायकांनी आपापसात ठरवलं की तुला अडचण आली असावी, महिन्याची. आयत्या वेळी कळलं असेल बिचारीला, असं सगळ्या म्हणू लागल्या. मला एवढं हायसं वाटलं की मी मान हलवली. एका पुरुषाने, त्यातून संस्कृत शिकवणाऱ्याने, भर मांडवात या विषयावर मान हलवावी, हा आमच्या घराण्यातला पहिलाच प्रसंग असेल.

बेदाणे वाटले गेले. लोक खुश होते.

तुला माझा राग आला असेल, तो ठीक आहे. पण अक्काने काय केलं होतं? वर्षभर उपाशी राहिलेल्या बाईसमोर तो कलश ठेवायचा होता का?

कांतीमामा

*

शिरपूर तालुका
१० मे

मामा,

तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते. मी रस ओतायला वाकले तेव्हा आई म्हणाली, "सगळ्यांना तुझे बेदाणे फार आवडलेत गं. माझी मान उंच झाली."

तेवढंच म्हणाली. वाटी तिने दोन्ही हातांनी पुढे धरली होती. त्या वाटीत मला रस ओतता आला नाही. ओतला असता तर तो बेदाणेवाल्या चेलनाचा झाला असता, आणि ती मी नव्हे. बाकी काही ठरवलेलं नव्हतं. उठल्यावर कळलं की उठले.

एसटीत बसल्यावर लाज वाटायला लागली, ती अजून आहे. आईला तसं ठेवून आल्याची. आणि त्याआधीची. खरं सांगायचं तर जानेवारीत तुमचं पत्र आलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. 'आईला सांगणार' असं लिहिलं ते तुम्ही अडवाल याची खात्री होती म्हणून. तुम्ही विनोद करत खोटं बोललात आणि मी तुमच्या आडोशाला बसले.

परवा इथे सरांना सांगितलं. मी कधीच चाखलेलं नाही, शेरे दुसऱ्यांचे पाहून लिहिले. ते म्हणाले की गेल्या वर्षीची ती जात पुन्हा चाचणीला घ्यावी लागेल, आणि त्या शेतकऱ्याला मीच जाऊन सांगायचं. गेले होते. त्याने अर्ध्या वेली आधीच उपटल्या होत्या. त्याने मला चहा दिला, मामा.

समितीतून नाव गेलं. प्रयोगशाळेत आहे अजून.

माझ्या वाटणीचं मी केलं. घरचं तुम्ही करा. मी सांगितलं तर आईला वाटेल, मुलगी भावाला खोटं पाडतेय, आणि ती तुमची बाजू घेईल. तुमच्या तोंडून ऐकेल तेव्हाच ती विश्वास ठेवेल. चार दिवस पोटात अन्न जाऊ दे, असं म्हणाला होतात. गेलंय आता.

चेलना

*

मेहरूण
१९ मे

चि. चेलना,

सांगितलं.

आधी तीन-चार दिवस मी प्रस्तावना तयार करत होतो. द्राक्षा हे फळ मुळात औषधी, वैद्यकात आसवांना मान्यता आहे, आपल्याच कपाटात मामीच्या पचनासाठी द्राक्षासवाची बाटली उभी आहे, वगैरे. अक्का तांदूळ निवडत बसली होती. मी दुसऱ्या वाक्यावर आलो असेन. ती मान वर न करता म्हणाली, "कांती, तुला काही मागायचंय की काही लपवायचंय? लहानपणापासून या दोन्ही वेळी तू संस्कृत बोलतोस."

मग मी मराठीत सांगितलं.

मला वाटलं होतं, ती आधी दारूचं विचारील. तिने विचारलं, "मग ते बेदाणे कुठले?"

"धुळ्याच्या बाजारातले."

"आणि चिठ्ठी?"

"मी छापली."

ती तांदळाकडे बघत राहिली. म्हणाली, "मी फिती बांधल्या."

एवढंच. रडली असती, ओरडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा उपवास केला. मामीने विचारलं, तप तर झालं ना? म्हणाली, "ते माझं होतं. हा चिठ्ठ्यांचा."

त्याच्या पुढल्या सकाळी जेवण आटोपून ती कापडी पिशवी घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. "चल. ज्यांना परत द्यायचे असतील त्यांचे घ्यायला पिशवी लागेल."

चेलना, मेहरूणमधलं मे महिन्याचं ऊन तुला ठाऊक आहे. अक्का पुढे, मी मागे. ज्या ज्या घरी पाकीट गेलं त्या प्रत्येक घरी. दारात उभी राहून ती एकच सांगायची, "बेदाणे बाजारचे होते. माझी मुलगी ते बनवत नाही. आणि त्या दिवशी पोरीला अडचण नव्हती, तिने कलश मुद्दाम ठेवला." मग बाजूला सरकायची, म्हणजे समोरच्याला मी नीट दिसावा.

एका घरातून बाईने उरलेलं पाकीट दोन बोटांत धरून आमच्या पिशवीत सोडलं आणि हात धुवायला आत गेली. पण मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. दोन घरी हे आधीपासूनच माहीत होतं. त्यांच्या नातेवाइकांची शिरपूरला दुकानं आहेत. गेले तीन-चार महिने ते मला भेटले की विचारायचे, "काय मास्तर, यंदा बेदाणे कसे आहेत?" मी हंगामाची माहिती द्यायचो. बेदाण्याचा रंग ऊन-सावलीवर कसा अवलंबून असतो, हे मी त्यातल्या एकाला दहा मिनिटं समजावलं होतं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं होतं.

शेवटी सुगनचंदजींकडे. ते ओट्यावर पेपर वाचत होते. अक्काचं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "खाल्ले ते खाल्ले अक्का, आता त्याचं काय?"

"खाल्लेले मागत नाही. सांगायला आले."

"मग मुलगी करते तरी काय?"

अक्का माझ्याकडे वळली. "तू सांग. तुझ्याकडे शब्द पुष्कळ आहेत."

एका वस्तूसाठी दहा शब्द येणं ही श्रीमंती, असं मी इतकी वर्षं मुलांना सांगत आलो. त्या ओट्यावर दहाही आठवले. पण उपयोगी पडेल असा एकच होता, आणि तो तुझ्या धनीबाईचा. मी म्हणालो, "दारू. द्राक्षाची दारू बनवण्यावर संशोधन करते."

सुगनचंदजींनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग आत हाक मारली, "पाणी आणा गं, अक्का उन्हातून आल्यात." अक्का पाणी प्याली. मला कुणी विचारलं नाही आणि मी मागितलं नाही.

परत येताना मी म्हटलं, "अक्का, चेलनाला काय लिहू?"

ती म्हणाली, "लिही, मला राग आला होता कलश ठेवल्याचा. आता तो तुझ्यावर आहे. तिचं काम मला पटलेलं नाही, पुढेही पटायचं नाही. पण आता कुणी विचारलं तर मला सांगता येईल."

पिशवी माझ्याकडे होती. कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी आलो, म्हटलं सावलीत बसू, अर्धा अर्धा पेला रस घेऊ. ती थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "एकीच्या हातचा राहिलाय. तो झाल्याशिवाय नको."

पारण्यापासून आजवर तिने उसाचा रस घेतलेला नाही. वेचलेल्या बेदाण्यांची ती डबी तिने रिकामी करून पालथी घातली आहे. मी तुला ये असं सांगत नाही. माझ्या सांगण्यावर आता या घरात फारसं काही चालत नाही. फक्त काय आहे ते लिहिलंय.

कांतीमामा

*

शिरपूर तालुका
२४ मे

मामा,

मंगळवारी पहिल्या गाडीने निघते.

ऊस इथून आणते, शेजारच्या मळ्यातला. रस काढून आणला तर या उन्हात वाटेतलं चोपडा गाव येईपर्यंत त्याची चव बदलेल. रस कधी चलित होतो ते मला कळतं, आईने त्याची काळजी करू नये. म्हणून कांडीच आणते. तुमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला सांगून ठेवा, चरक धुवून आधी आमचा ऊस घालायचा, आणि बर्फ नको.

मोळी बांधताना धनीबाईने विचारलं, "हाऊ ऊस कोनले?" सांगितलं, आईला. ती म्हणाली, "यानीबी दारू करस का?" म्हटलं, नाही, आईसाठी नुसता रस. तिला ते वायाच घालवल्यासारखं वाटलं असावं, पण मोळी घट्ट बांधून दिली.

एसटीत एवढा ऊस पाहून कुणीतरी विचारेलच, कुठे असता, काय करता. सांगेन.

आईला म्हणावं, मी हात धुवून येईन, पण हात तेच असतील. तिला चालणार असेल तर कलश घासून ठेवायला सांगा. नसेल चालणार तर तसं तुम्हीच गाडीवर येऊन सांगा. मराठीत.

चेलना